युद्धकाळातला घडीचा नकाशा: विकावा, जपावा की रेजिमेंटला द्यावा?

चिंचबन
नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका पुस्तकवाल्याकडे ढिगाच्या तळाशी कागदाची एक जाडसर घडी मिळाली. उघडली तर इटलीचा नकाशा! वर चित्ता दि कास्तेल्लो हे नाव, प्रमाण १:५०,०००, कोपऱ्यात 'जी.एस.जी.एस. ४२२९' आणि समासात साल १९४४. तपकिरी समोच्चरेषा, निळी तिबेर नदी आणि सगळ्यावर एकेक किलोमीटरच्या चौकटींचं जाळं. उभ्या-आडव्या घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कागद फाटून बारीक भोकं पडली आहेत.

नकाशावर लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. नदीच्या पूर्वेच्या डोंगरधारेवर एक निळा बाण आहे, त्याच्यापुढे तीन लाल फुल्या. आणि पाठीमागे, ज्याच्यासाठी मी हा धागा काढतोय ते: जांभळट पेन्सिलीने मराठीत लिहिलंय, 'साबण २, विडी ६ बंडल, पाकिटं, सखारामकडून ४ येणे'.

मुंबईच्या एका विक्रेत्याने फोटो बघून 'अतिशय दुर्मीळ' म्हणत बरी किंमत सांगितली. गिऱ्हाईक परदेशातलं आहे म्हणे. माझं मत सांगून टाकतो: ही मराठी यादी ज्याच्या पाठीवर आहे तो कागद देशाबाहेर जाऊ नये. पण आमच्या घरी भिंतींना ओल असते, कसर लागते. मग करावं काय? आणि मुळात तो अस्सल आहे का, हे कसं ओळखायचं?

घाटवाट
वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका राव! सखारामने चार रुपये परत केले का, हे कळल्याशिवाय झोप लागणार नाही :)

शाईवाला
माझी सगळी नोकरी छापखान्यात गेली, म्हणून अस्सलपणाबद्दल बोलतो. चांगलं भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. समोच्चरेषेवर धरा. त्या काळी प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असायची, म्हणजे तपकिरी रेघ ही तपकिरी शाईचीच रेघ. भिंगाखाली ती सलग दिसते. हल्लीच्या डिजिटल प्रिंटमध्ये तीच रेघ निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांत फुटते. डिजिटल नक्कल यात लगेच उघडी पडते.

दुसरं, रंगांची जुळणी बघा. घाईत छापलेल्या नकाशांत एखादा रंग केसभर सरकलेला असतो. तिसरं म्हणजे घड्या. वापरून झिजलेल्या घडीत कागदाचे तंतू उसवलेले असतात, मळ आत मुरलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद सगळीकडून सारखाच पिवळा दिसतो. वापरलेल्या नकाशाचं तसं नसतं, घडीच्या बाहेर राहणारी बाजू जास्त मळते आणि आतली त्या मानाने स्वच्छ राहते.

समासातला बारीक मजकूर पूर्ण वाचा. आवृत्ती, छापणाऱ्या सर्व्हे तुकडीचं नाव, चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती सरकलंय त्याची आकृती, हे सगळं तिथे असतं.

मनवा_डोंबिवली
जी.एस.जी.एस. म्हणजे जिऑग्राफिकल सेक्शन, जनरल स्टाफ. ब्रिटिश युद्धखात्याचा नकाशा विभाग. इटलीचे १:२५,००० चे नकाशे ४२२८ क्रमांकाच्या मालिकेत आणि १:५०,००० चे ४२२९ मध्ये. पाया इटलीच्याच लष्करी भूगोल संस्थेच्या जुन्या नकाशांचा. त्यावर ब्रिटिशांनी आपलं जाळं छापलं आणि विमानातून घेतलेल्या फोटोंवरून भर घातली.

आता कटू भाग. हे ताव ढिगाने छापले जायचे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने दुसऱ्या महायुद्धातले असे कितीतरी नकाशे स्कॅन करून सगळ्यांना खुले केलेत. म्हणजे 'अतिशय दुर्मीळ' हे विक्रेत्याचं बोलणं छापील बाजूपुरतं खोटं आहे.

चिंचबन
शाईवाला काका, भिंगातून बघितलं. रेघा सलग आहेत, आणि हिरवा रंग जंगलाच्या हद्दीबाहेर थोडा सांडलाय. मनवाताई, तुमचं पटलं, पण पाठीमागची यादी दुसऱ्या कुठल्याच प्रतीवर नसणार ना?

दिलखुश_७७
एवढा विचार कशाला? घडी मोडायला ओल्या फडक्यावरून हलकी इस्त्री फिरवा आणि लॅमिनेट करून टाका. दोनशे रुपयांत काम. आमच्या सोसायटीचा प्लॅन तसाच केलाय, मस्त राहिलाय.

कागदकाम
थांबा!!! दोन्ही करू नका, हात जोडून सांगते.

पाठीमागचं लिखाण जांभळट आहे म्हणालात. ती बहुधा कॉपिंग पेन्सिल आहे. त्या काळी हिशेबाला, फॉर्म भरायला, पत्र लिहायला सर्रास वापरायचे, कारण खोडरबराने ती सहज निघत नाही. तिच्या शिशात अ‍ॅनिलीन रंग मिसळलेला असतो. कोरडी असेपर्यंत राखाडी किंवा फिकी जांभळी दिसते, आणि पाणी लागलं की गडद जांभळी होऊन पसरते. ओल्या फडक्याची इस्त्री म्हणजे साबण, विडी आणि सखाराम, तिघेही एका जांभळ्या डागात. दमट हवेतसुद्धा ती हळूहळू फुटते. पावसाळ्यात आधी तिची सोय बघा.

लॅमिनेशनबद्दल: गरम प्लॅस्टिक आणि डिंक कागदात शिरतात, परत काढता येत नाहीत. माझ्या टेबलावर असे कागद येतात तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. पारदर्शक चिकटपट्टी तर त्याहून वाईट. पट्टी गळून पडते, डिंक मागे राहतो आणि तपकिरी पडतो. भोकांना आणि चिरांना उपाय म्हणजे पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. पण तुमच्या नकाशावर तेही घरी नको, कारण खळीत पाणी असतं. जाणकाराकडूनच करून घ्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

तोवर एवढं करा. नकाशा उलगडून सपाट ठेवा, घडी घालू नका. खाली-वर आम्लविरहित कागद, मोठं सपाट खोकं, लोखंडी कपाटाचा मधला खण. बाहेरच्या भिंतीला लागून नको. डांबराच्या गोळ्या खोक्यात टाकू नका.

दिलखुश_७७
ताई, हे माहीत नव्हतं. सूचना मागे.

आजोळ_वाई
सपाट ठेवा हे याच्यासाठी बरोबर, पण प्रत्येक घडीच्या नकाशाला लागू नाही. आमच्याकडे कापडावर डकवलेला एक आहे. कागदाचे चौकोन कापून, मध्ये बारीक फट सोडून, तागाच्या कापडावर चिकटवलेले. घडी कागदावर पडतच नाही, फटीतल्या कापडावर पडते. तो घडीतच ठेवायचा असतो, शंभर वर्षं तसाच राहिलाय. खिशात किंवा खोगिराच्या पिशवीत घालून फिरायला केलेली सोय.

दर्यावर्दी
आमच्याकडे पहिल्या महायुद्धातला 'डेली टेलिग्राफ वॉर मॅप' होता. लंडनच्या जिओग्राफिया कंपनीचा, घरी बसून बातम्या वाचणाऱ्यांसाठी काढलेला. पणजोबा मुंबईत गोदीत कारकून होते, त्यांनी आणलेला. त्याला टाचण्यांची भोकं होती, आघाडी सरकली की टाचणी सरकवायची. असा नकाशा आणि चिंचबन यांचा नकाशा यांत फरक करायला हवा. एक घरातला आणि एक रणातला. बाजारात दोन्ही 'वॉर मॅप' म्हणूनच विकतात.

बाकी उघडलेला नकाशा पहिल्यासारखा परत घडी घालणारा माणूस आमच्या खानदानात अजून जन्मलेला नाही.

सुभेदार_निवृत्त
धागा आजच बघितला. मी पायदळात होतो, नकाशावाचन शिकवलंही आहे. काही गोष्टी सांगतो.

१:५०,००० वर एक सेंटीमीटर म्हणजे पाचशे मीटर, म्हणून एक किलोमीटरची चौकट दोन सेंटीमीटरची दिसते. जागा सांगताना आधी उजवीकडे, मग वर. सहा आकडे दिले की शंभर मीटरच्या आत जागा कळते. तोफखान्याला, जखमी उचलणाऱ्याला, खेचरावाल्याला, सगळ्यांना ही एकच भाषा. जवान फार शिकलेला नसला तरी हे सहा आकडे वाचायला त्याला शिकवलं जायचं, निदान सेक्शनच्या, म्हणजे आठ-दहा जणांच्या तुकडीच्या, नाईकाला तरी.

रंगांवरून घाईने निष्कर्ष काढू नका. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या ब्रिटिश नकाशांवर आपले खंदक निळे आणि जर्मनांचे लाल असत. १९१८ च्या सुरुवातीला फ्रेंच पद्धतीशी जुळवून घ्यायला तेच उलटं केलं. काळ आणि सैन्य बदललं की रंग बदलतात. निळा बाण म्हणजे आपलेच, असं गृहीत धरू नका.

आता तो भाग कोणता, ते. जुलै १९४४ मध्ये आपली १० वी इंडियन डिव्हिजन याच तिबेर खोऱ्यातून उत्तरेकडे चढत होती. उंबेर्तिदे, मोंतोने, मग चित्ता दि कास्तेल्लो. तिच्यात ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण, होती. १० जुलैला मोर्लुपोच्या हल्ल्यात नाईक यशवंत घाडगे यांचा सेक्शन मशीनगनच्या तोंडी सापडला. ते सोडून बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना तीच बंदूक उलटी धरून मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. रायगड जिल्ह्यातले. माणगावात पुतळा आहे त्यांचा, तिथून जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा.

घाटवाट
सुभेदार साहेब, अंगावर काटा आला. माणगावातून एसटीने किती वेळा गेलोय. पुतळा दिसतो, नाव वाचतो आणि गाडी सुटते.

निमगावकर
नगरकरांच्या वतीने नामदेव जाधवांचं नाव जोडतो. निमजचे. १/५ मराठा, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. नदीच्या पूरबांधावर जर्मन मशीनगना. जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं आणि मग एकट्याने ठाणी उडवली. हाताला लागल्याने बंदूक चालवता येईना, तर ग्रेनेड फेकत राहिले. शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि बाकीच्यांना पुढे बोलावलं. ते जिवंत परतले. इटलीत २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना, आणि त्यांत आपले हे दोघे.

सायली_मिलान
मी इटलीत राहते. मोंतोनेला गेले होते, घाडगेंचं स्मारक बघायला. २०२३ मध्ये उभारलंय, सूर्यघड्याळाच्या रूपात. टेकडीवरचं लहानसं दगडी गाव आहे. खाली खोऱ्यात तंबाखूची शेतं. तिथली तिबेर बघून आश्चर्य वाटतं, रोममध्ये दिसते त्याच्या मानाने अगदी ओढ्यासारखी. पण दोन्ही बाजूंच्या डोंगरधारा नकाशावर दिसतात त्याहून उभ्या आहेत. चालत चढले तेव्हा कळलं, वर बसलेल्याला खालचं प्रत्येक हालणारं माणूस दिसतं.

स्मारकापाशी एक आजोबा भेटले. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं की त्यांच्या घरी भारतीय शिपायांनी चपात्या भाजल्या होत्या, त्यांची आई ती गोष्ट सांगायची.

अजून एक. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, ५०० हून अधिक नावं. आपल्याकडचे कुणी आले तर तिथे जरूर जा. मराठी नावं वाचताना उभं राहवत नाही.

पुस्तकपेठ
जरा विषयांतर. घडीच्या युद्धनकाशांत माझा जीव रेशमी नकाशांवर आहे. वैमानिक शत्रूच्या मुलखात उतरला तर निसटून येता यावं म्हणून ब्रिटनच्या एमआय-९ या गुप्त लष्करी विभागाने रेशमावर नकाशे छापून घेतले. ख्रिस्तोफर क्लेटन हटन नावाच्या अधिकाऱ्याची खटपट. कागद खिशात खुळखुळतो, भिजला की लगदा होतो. रेशीम आवाज करत नाही आणि बुटाच्या टाचेत मावतं. शाई कापडावर पसरायची, तेव्हा तिच्यात पेक्टिन मिसळलं, तेच जॅम घट्ट करणारं. नकाशे बार्थोलोम्यू कंपनीने हक्काचे पैसे न घेता दिले. ब्रह्मदेशाचेही निघाले.

युद्धानंतर उरलेले नकाशे विकले गेले आणि कपड्यांच्या टंचाईत बायकांनी त्यांचे ब्लाउज शिवले.

मनवा_डोंबिवली
यांच्या मात्र नकली प्रती खूप आहेत, पुस्तकपेठ. घेताना जपून.

कोकणरेल
थोडं विरुद्ध मत मांडतो, राग मानू नका. विकायला काय हरकत आहे? परदेशी संग्राहक पैसे मोजतो म्हणजे वस्तू जपतो. आपल्याकडे संस्थांना दिलेल्या गोष्टी पोत्यांत पडून असतात. माझ्या काकांनी एका संस्थेला दिलेली पत्रं नंतर कुणालाच सापडली नाहीत. पैसे घ्या, चांगला स्कॅन ठेवा, यादी वाचायला तेवढं पुरे.

निमगावकर
स्कॅनवरून ती पेन्सिल कॉपिंग आहे की साधी, हे कळेल का? कागदाला तेल लागलंय की घाम, ते कळेल का? मूळ वस्तू हवीच.

वकीलसाहेब_नाही
कोकणरेल, मत बाजूला ठेवा, आधी कायदा बघा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२. वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हस्तलिखित, अभिलेख किंवा ऐतिहासिक, शास्त्रीय, वाङ्मयीन मोलाचा दस्तऐवज असेल तर अट ७५ वर्षांची आहे. १९४४ चा कागद ती ओलांडून गेलाय. पाठीवर हस्ताक्षर असलेला लष्करी नकाशा या व्याख्येत बसू शकतो, आणि बसला तर खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअरने पाठवण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्यावा लागेल. विक्रेता 'ते आम्ही बघून घेऊ' म्हणत असेल तर चार हात लांब राहा.

देशातल्या देशात विकायला मात्र ही अडचण नाही. आणि नकाशा इटलीचा आहे, त्यामुळे आपल्याकडच्या नकाशांवर पूर्वी जी बंधनं होती त्यांचाही इथे संबंध नाही.

कोकणरेल
७५ वर्षांचं कलम लक्षात नव्हतं. परदेशाचा मुद्दा सोडतो. संस्थांबद्दलचा सोडत नाही.

आजोळ_वाई
कोकणरेल यांचं दुःख खरं आहे. म्हणून देताना लेखी घ्यायचं: दाखल क्रमांक, फोटो, कोणत्या अटीवर दिलं, अभ्यासकाला बघता येईल का. नुसतं हारतुरे घेऊन परत यायचं नाही.

आमच्या घराण्यातले एक जण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतच्या वेढ्यात होते. ६ वी पूना डिव्हिजन, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे अडकल्या होत्या. घोड्या-खेचरांचं मांस खायची वेळ आली, पुष्कळांनी ते नाकारलं आणि खंगले. शरणागतीनंतर वाळवंटातून कैद्यांची पायपीट झाली, त्यातून आमचे परत आले नाहीत. त्यांच्या हातचा एक चिटोराही आमच्याकडे नाही. म्हणून सांगते, चिंचबन, त्या यादीची किंमत विक्रेत्याला विचारू नका.

कागदकाम
चिंचबन, एक करून बघा. खोली अंधारी करा, टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवा धरा आणि नकाशावर तिरपा प्रकाश पाडा. पेन्सिलीने दाबून लिहिलेलं पुसलं गेलं असलं तरी कागदावर चर राहतो, तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. खोडरबर अजिबात लावू नका. फोटो वरून, कॅमेरा स्टँडवर ठेवून काढा. ताव आत ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये तर मुळीच घालू नका.

चिंचबन
केलं. काल रात्री बायकोने टॉर्च धरला, मी बघत बसलो.

लाल फुल्यांच्या शेजारी सहा आकडे आहेत, पुसलेले, पण चर स्पष्ट. सुभेदार साहेबांच्या रीतीने आधी उजवीकडे, मग वर असं मोजलं तर एका डोंगरधारेवरचं सुटं घर येतं. छापील नकाशावर तिथे काळा चौकोन आहे. यादीच्या खालीही अजून एक ओळ निघाली: 'घरी पत्र'. पुढे रेघ मारलीये. लिहिलं म्हणून मारली की राहू दे म्हणून मारली, ते कळत नाही.

सुभेदार साहेब, ही मोर्लुपोची जागा असू शकेल का?

सुभेदार_निवृत्त
आकडे मी मॅकमास्टरच्या प्रतीवर ताडून बघितले. मोर्लुपो नाही, जागा बरीच उत्तरेला येते. त्यामुळे हा घाडगेंच्या लढाईचा नकाशा आहे असं कुणीही म्हणू नये, आणि विक्रेत्याला तर हे नाव कळूच देऊ नका, तो लगेच चिकटवेल. एवढंच म्हणता येतं की त्या खोऱ्यातल्या मोहिमेत हा ताव वापरात होता, आणि कुणा मराठी माणसाच्या हाती होता. पलटणीतला असेल, इंजिनिअर दलातला सॅपर असेल, खेचरांच्या किंवा दवाखान्याच्या तुकडीतलाही असेल. मराठी माणसं सगळीकडे होती. पाठीवरचं अक्षर आणि पुढच्या खुणा एकाच हाताच्या आहेत, हेही सिद्ध नाही.

कुणाला द्यायचा म्हणाल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथे संग्रहालय आहे. पण पलटण सिद्ध झालेली नाही हे पत्रात स्वच्छ लिहा.

सायली_मिलान
ते आकडे मला व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? पुढच्या महिन्यात त्या भागात जाणार आहे. ते घर अजून उभं असेल तर फोटो काढून आणते.

चिंचबन
पाठवले, सायलीताई.

सगळ्यांचं वाचून ठरवलं ते असं. विक्रेत्याला 'विकणार नाही' असं कळवलं. पावसाळ्याच्या आत नकाशा मुंबईला संवर्धन केंद्रात दाखवतो, भोकं तिथे दुरुस्त होतील का ते बघतो. दोन्ही बाजूंचे मोठे फोटो, तिरप्या उजेडातले सुद्धा, इथे सगळ्यांसाठी टाकतो. बेळगावला पत्र लिहितोय, वाईच्या ताईंनी सांगितलेल्या अटींसह. त्यांनी लेखी होकार दिला तर मूळ प्रत तिकडे, नाहीतर आमच्याकडे सपाट खोक्यात. आम्लविरहित कागदाचे एवढे मोठे ताव पुण्यात कुठे मिळतात, कुणाला माहीत आहे?

कागदकाम
चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत विचारा, पण लेबलवर 'आम्लविरहित' लिहिलेलं स्वतः वाचून घ्या, नुसत्या 'हँडमेड'वर जाऊ नका. नाही मिळाले तर मला निरोप करा, माझ्याकडचे चार ताव देते.

घाटवाट
बेळगावहून उत्तर आलं की इथेच टाका. आणि त्या बाजूला कुणा सखारामचे नातू असतील तर त्यांनी चिंचबनना चार रुपये द्यावेत :)